भाचीला भूल देण्याच्या कामात जायचं आहे: बीएस्सी नर्सिंग की ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजी?

नंदनवन_मावशी

नमस्कार. भाची यंदा बारावी सायन्स झाली. पीसीबी आणि इंग्रजी मिळून ६८ टक्के आहेत. नीटमध्ये एमबीबीएसपुरते मार्क नाहीत आणि आणखी एक वर्ष घालवायची तिची तयारी नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये, तेही भूल देण्याच्या बाजूलाच काम करायचं हे तिचं पक्कं आहे. अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्ट असतात आणि त्या स्वतः भूल देतात, असं तिने वाचलंय.

एक ॲडमिशनवाला सांगून राहिला की, "नर्सिंगचे चार वर्षं कशाला, ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजी करा, तेच करून पुढे अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्ट होता येतं." दुसरा म्हणतो बीएस्सी नर्सिंगच पाहिजे. घरात कोणी या लाइनमधलं नाही, त्यामुळे कोणाचं खरं मानावं समजून नाही राहिलं.

इथे नागपुरात नर्सला भूल देता येते का? कोणता कोर्स घ्यावा? रोजचं काम नेमकं काय असतं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

धंतोली_ओटी

ताई, पहिल्या माणसाने चुकीचं सांगितलं आहे. त्याच्या म्हणण्यावर फी भरू नका.

नावं सारखी वाटतात म्हणून घोळ होतो. या क्षेत्रात पदवीच्या नावापेक्षा शेवटी हातात कोणतं रजिस्ट्रेशन पडणार ते बघायचं असतं. बीएस्सी नर्सिंग केलं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळतं, आरएन-आरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि सुईण. ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजी केलं की तुम्ही ॲलाइड हेल्थमध्ये मोडता. तिथे २०२१ चा केंद्राचा ॲलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा लागतो, आणि आपल्याकडे त्याआधीपासून परावैद्यक परिषद आहे. हे दोन रस्ते पुढे कुठेही एकमेकांना मिळत नाहीत. टेक्नॉलॉजिस्टला नर्स व्हायचं असेल तर नर्सिंग पहिल्या वर्षापासून करावं लागतं, एक सेमिस्टरसुद्धा माफ होत नाही. आणि अमेरिकेतली नर्स ॲनेस्थेटिस्ट आधी नर्स असावीच लागते.

आता तुमचा पहिला प्रश्न. नागपुरातच काय, भारतात कुठेही नर्सला स्वतःच्या जबाबदारीवर भूल देता येत नाही. ते काम एमडी, डीएनबी किंवा डीए झालेल्या भूलतज्ज्ञाचं. आपल्याकडे नर्स ॲनेस्थेटिस्ट असं पदच नाही. खेड्यापाड्यात सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून सरकारने लाइफ सेव्हिंग ॲनेस्थेटिक स्किल्स नावाचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण काढलं होतं, पण तेही एमबीबीएस डॉक्टरांसाठीच. गडचिरोली-मेळघाटसारख्या भागाची इतकी नड असतानाही ते काम नर्सकडे दिलं गेलं नाही. त्यामुळे "इथे लवकरच चालू होणार आहे" असं कोणी सांगितलं तर त्या भरवशावर करिअर बांधू नका.

मग इथे तिला भूल देण्याच्या बाजूला काय करता येईल?

टेक्नॉलॉजिस्ट झाली तर ती भूलतज्ज्ञाच्या सगळ्यात जवळ असते. मशीन, नळ्या, मॉनिटर, औषधं भरून लेबल लावणं, रुग्ण झोपवताना आणि उठवताना हाताशी उभं राहणं, हे सगळं तिचं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) तीन वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. खाजगी विद्यापीठांत बीएस्सी ॲनेस्थेशिया अँड ओटी टेक्नॉलॉजी या नावाने साधारण तसाच आराखडा असतो.

नर्स झाली तर थिएटरमध्ये ती स्क्रब (सर्जनच्या हातात अवजारं देणारी), सर्क्युलेटिंग (बाहेरून सामान पुरवणारी) किंवा रिकव्हरी (ऑपरेशननंतर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत बघणारी) सिस्टर असते. भूलतज्ज्ञाला मदत काही ठिकाणी सिस्टर करते, काही ठिकाणी टेक्निशियन. नर्सचा फायदा असा की एका रजिस्ट्रेशनवर वॉर्ड, आयसीयू, ओटी, शिकवणं, परदेश अशी सगळी दारं उघडी राहतात. पुढे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. त्याहून वजनदार म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, दोन वर्षांची रेसिडेन्सी पद्धतीची पदव्युत्तर पदवी. व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन, सिडेशन हे सगळं त्यात हाताने शिकवतात. भूलशास्त्राच्या जवळ जाणारं नर्सिंगमधलं इथलं शिक्षण हेच.

सरकारी नोकरीचंही बघून ठेवा. एम्सची नॉरसेट परीक्षा पास झाली की नर्सिंग ऑफिसर, लेव्हल ७, मूळ वेतन ४४,९०० पासून. त्यात ८० टक्के जागा महिलांसाठी असतात. बीएस्सी झालेल्या मुलीला अनुभवाची अट नाही, जीएनएमवालीला (नर्सिंगचा डिप्लोमा केलेलीला) ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. टेक्नॉलॉजिस्टच्या सरकारी जागा निघतात, पण नर्सिंगच्या तुलनेत फार कमी.

---

एनक्लेक्स_डायरी

अमेरिकेच्या रस्त्याबद्दल लिहिते, कारण त्यातलं अर्धंच लोकांना सांगितलं जातं.

तिकडे या पदाला सीआरएनए म्हणतात. हे काही नवं पद नाही, एकोणिसाव्या शतकापासून तिथे नर्सेस भूल देत आल्या आहेत. ॲलिस मॅगॉ नावाच्या परिचारिकेने १९०६ साली १४,००० हून जास्त भुलींचा आढावा छापला, त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. ती रॉचेस्टरच्या मेयो बंधूंकडे काम करायची. नागपूरकरांनी गोंधळू नये, आपल्या इथल्या मेयो या सरकारी रुग्णालयाशी त्याचा काही संबंध नाही.

रस्ता असा आहे. बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. मग सीजीएफएनएस या अमेरिकी संस्थेकडून (२०२५ पासून तिचं नाव ट्रूमेरिट) कागदपत्रांची तपासणी आणि तिकडच्या एखाद्या राज्याच्या बोर्डाची परवानगी. मग एनक्लेक्स-आरएन, तिथल्या नर्सच्या परवान्याची परीक्षा: कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तास. त्याचं केंद्र नागपुरात नाही, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. पुढे व्हिसास्क्रीन, म्हणजे व्हिसासाठी लागणारं पात्रतेचं प्रमाणपत्र, त्यासाठी आयईएल्ट्समध्ये एकूण ६.५ आणि बोलण्यात ७. इथवर आलात की तुम्ही अमेरिकेत नर्स होऊ शकता. सीआरएनए अजून दूर आहे.

आता अडचणीच्या तीन जागा.

पहिली, व्हिसा. नर्सेस बहुतेक ईबी-३ ग्रीन कार्डावर जातात. भारतात जन्मलेल्यांची त्यातली रांग दहा वर्षांहून जास्त लांब आहे. रांग जन्माच्या देशावर लागते, त्यामुळे दुबईला किंवा आयर्लंडला जाऊन अर्ज केला तरी रांग भारताचीच. एच-१बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा साध्या स्टाफ नर्सला सहसा मिळत नाही. विद्यार्थी व्हिसावर जाऊन तिकडे नर्सिंगची पदवी केली तर नंतर कामाची मुभा १२ महिन्यांचीच, कारण नर्सिंग त्यांच्या वाढीव मुदतीच्या यादीत नाही.

दुसरी, आयसीयूचा अनुभव. सीआरएनए कोर्सला प्रवेशासाठी कमीत कमी एक वर्ष पूर्णवेळ क्रिटिकल केअर लागतं, प्रत्यक्षात निवड होणाऱ्यांकडे दोन-तीन वर्षं असतात. आणि तो अनुभव अमेरिकेतला, त्यांच्या अखत्यारीतल्या भूभागातला किंवा त्यांच्या लष्करी रुग्णालयातलाच धरतात. नागपुरात आयसीयूमध्ये दहा वर्षं काढली तरी या अटीसाठी ती शून्य. तिकडे आयसीयूची नोकरी मिळायला तो अनुभव लागतोच, म्हणून तो वाया जात नाही. पण "इथे आयसीयू कर आणि थेट सीआरएनएला ॲडमिशन घे" असं होत नाही.

तिसरी, कोर्स. १ जानेवारी २०२२ नंतर प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते, म्हणजे निदान ३६ महिने. त्यात कमीत कमी ६०० केसेस आणि २,००० क्लिनिकल तास. अभ्यास इतका असतो की शिकताना नोकरी जवळजवळ बंद ठेवावी लागते. फी कॉलेजप्रमाणे बदलते, पण राहण्याखाण्यासकट लाख-दीड लाख डॉलर सहज लागतात. तिकडचं सरकारी शैक्षणिक कर्ज ग्रीन कार्डाशिवाय नाही. पास झाल्यावर कमाई वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर जाते हे खरं आहे, आणि जाहिरातीत तेवढंच छापलेलं असतं.

वयाचा हिशोब मांडून बघा. १८ व्या वर्षी नर्सिंगला बसली, २२ ला पास. दोन वर्षं इथे आयसीयू, त्याच काळात एनक्लेक्स. व्हिसाच्या रांगेत पस्तिशीच्या आसपास पोचते. मग तिकडची आयसीयू दोन वर्षं आणि कोर्स तीन. चाळिशी येते. होत नाही असं मी म्हणत नाही. पण मुलीला हे आकडे आज माहीत असावेत.

एजंट "सीएए" हेही नाव घेतात. ते तिसरंच पद, ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट असिस्टंट. त्याला नर्सिंग लागत नाही, पण तिकडची प्री-मेडिकल पात्रता आणि मास्टर्स लागतं, आणि सगळ्या राज्यांत ते चालतही नाही.

---

बॉइल्स_मशीन

वरच्या दोघांनी रस्ते सांगितले. मी रोजच्या कामाबद्दल लिहितो, कारण मुलीने आधी हे वाचून ठरवावं की हे आपल्याला आवडणार आहे का. टेक्नॉलॉजिस्ट असो, सिस्टर असो की परदेशातली सीआरएनए, सकाळचा पहिला तास सगळ्यांचा सारखाच.

आठला ऑपरेशनं सुरू होणार असतील तर सातला ओटीत. सगळ्यात आधी मशीनकडे न जाता अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हातात घ्यायची. दाबून बघायची, व्हॉल्व्ह चालतो का, मास्क आहे का, आणि ती टेबलाच्या डोक्याशी लटकवायची. मशीन बंद पडलं, लाइट गेली, गॅस संपला, तरी रुग्णाचा श्वास या बॅगेवर चालू ठेवता येतो.

मग गॅस. पाइपलाइनचा दाब साधारण ४ बार. मागचा ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून काटा बघायचा आणि परत बंद करायचा. हा बंद करणं फार लोक विसरतात. उघडा राहिला आणि मधेच पाइपलाइनचा दाब उतरला तर मशीन गुपचूप सिलिंडरमधून ओढत राहतं. कोणाला कळत नाही, आणि अलार्म वाजतो तेव्हा दोन्ही संपलेले असतात.

नायट्रस ऑक्साइडच्या निळ्या सिलिंडरचा काटा फसवतो. आत द्रव असतो, म्हणून शेवटचा द्रव उडेपर्यंत काटा जवळजवळ तिथेच उभा. किती उरलंय ते वजनावरून कळतं. आणि आपल्या नागपूरचं वेगळंच आहे: ३६.५ अंशांच्या वर नायट्रस द्रव राहूच शकत नाही, सगळा वायू होतो आणि दाब वाढतो. म्हणूनच उष्ण देशांत हे सिलिंडर कमी भरतात, थंड देशांत ०.७५ च्या प्रमाणात तर इकडे ०.६७. मे महिन्यात ४५ अंशांत मॅनिफोल्ड रूमच्या बाहेर उन्हात सिलिंडर उभा दिसला तर तो आत घ्यायला लावणं हे टेक्निशियनचं काम आहे.

लीक टेस्ट: पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारा) पूर्ण बंद, रुग्णाकडचं टोक अंगठ्याने दाबायचं, ऑक्सिजन फ्लश मारून दाब ३० सेंटीमीटरला न्यायचा, दहा सेकंद काटा हलता कामा नये. हलला तर मशीनला दोष देण्याआधी सोडा लाइमचा (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या खड्यांचा) डबा उघडा. त्याच्या रबरी वॉशरवर एखादा खडा अडकलेला असतो, बहुतेक वेळा तिथेच सापडतं. नाहीतर व्हेपोरायझर (भुलीच्या द्रवाची वाफ करणारा) जिथे बसतो तिथली ओ-रिंग, किंवा वॉटर ट्रॅप नीट न लावलेला.

सोडा लाइम संपलं की जांभळं होतं हे पुस्तकात असतं. पण रात्रभर मशीन बंद राहिलं की ते परत पांढरं दिसू शकतं. सकाळी पांढरं दिसलं म्हणून ताजं समजू नका. कॅप्नोग्राफवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या मॉनिटरवर) श्वास आत घेतानाची रेघ शून्याला टेकायला हवी. ती शून्यावर न येता वर तरंगायला लागली की डबा बदला.

श्वासनलिकेत घालायच्या नळ्या: बाईला ७ किंवा ७.५, पुरुषाला ८ किंवा ८.५, आणि प्रत्येकाच्या खालचा एक नंबर तयार. पोरांसाठी कफ (टोकाजवळचा फुगा) नसलेल्या नळीचं सूत्र वय भागिले ४ अधिक ४, कफवाल्या नळीला ४ च्या जागी ३.५. सहा वर्षांच्या मुलाला बिनकफाची ५.५, कफाची ५, आणि अर्धा नंबर वर-खाली उघडून ठेवलेला. किती आत घालायची? वय भागिले २ अधिक १२, म्हणजे या मुलाला ओठांशी १५ सेंटीमीटर. मोठ्यांत बाईला २१, पुरुषाला २३ च्या आसपास. त्याहून आत गेली तर नळी उजव्या फुफ्फुसात शिरते, डावी बाजू हलत नाही आणि सॅच्युरेशन हळूहळू घसरतं.

नळी घातल्यावर आधी कॅप्नोग्राफ बघायचा. एकामागून एक सारख्या लाटा आल्या, आकडा ३५ ते ४५, तर नळी श्वासनलिकेत. दोन-चार बारीक लाटा येऊन रेघ सपाट झाली तर नळी अन्ननलिकेत आहे असंच धरायचं. सॅच्युरेशन अजून ९९ दाखवतंय म्हणून थांबायचं नाही. आधी भरपूर ऑक्सिजन दिलेला असतो, त्यामुळे तो आकडा काही मिनिटं उशिरा पडतो. टेक्निशियनने त्या क्षणी मोठ्याने म्हणायचं, "सर, कार्बन डायऑक्साइड नाही." डॉक्टर कितीही सीनिअर असोत, हे बोलायचं धैर्य नसेल तर ही लाइन घेऊ नये.

औषधं. इथे चूक झाली तर माणूस जातो. सिरिंजला लेबल रंगाने ठरलेली असतात: स्नायू शिथिल करणारी लाल, फेंटानिलसारखी निळी, प्रोपोफॉल-केटामाइन पिवळी, दाब वाढवणारी जांभळी, ॲट्रोपिन हिरवी, तेवढी जागा बधिर करणारी (लोकल) करडी. लेबल लावायचं मग सिरिंज खाली ठेवायची, उलटं नाही. लेबल नसलेली सिरिंज टेबलावर दिसली तर आत काय आहे ते कोणाला विचारायचंसुद्धा नाही, सरळ फेकायची.

सगळ्यात भयंकर घोटाळा स्पायनलच्या ट्रेवर होतो. पाठीत द्यायचं हेवी बुपिव्हाकेन काचेच्या छोट्या अँप्युलमध्ये येतं, आणि रक्तस्राव थांबवणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिडही तसल्याच स्वच्छ काचेच्या अँप्युलमध्ये. घाईत दुसरी उचलली गेली आणि ते पाठीत गेलं की रुग्णाला झटके येतात, हृदयाची लय बिघडते. असं झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास दगावल्याची नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये याबद्दल वेगळा इशारा काढला. उपाय साधा आहे: ट्रानेक्सॅमिक ॲसिड भुलीच्या ट्रॉलीवर ठेवायचंच नाही, लांब वेगळ्या जागी. आणि स्पायनलची अँप्युल फोडण्याआधी दोघांनी नाव मोठ्याने वाचायचं.

आणखी एक नागपूरची गोष्ट. सक्सिनिलकोलीन आणि ॲट्राक्युरियम ही स्नायू शिथिल करणारी औषधं, त्यांना फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत लागतं. सक्सिनिलकोलीनची कुपी बाहेर काढली की १४ दिवस चालते असं म्हणतात, पण ते १४ दिवस २५ अंशांच्या खोलीचे. उन्हाळ्यात एसी रात्री बंद होणाऱ्या ओटीत ते गणित लागू पडत नाही. औषध अर्धवट निकामी झालं की डोस देऊनही जबडा सैल पडत नाही, मग घाईत आणखी डोस, आणि गुंता वाढतो. बाहेर काढल्याची तारीख कुपीवर लिहायची. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवायचा.

हेपॅटायटिस बीचे तीन डोस कॉलेजच्या पहिल्या वर्षातच घ्यावे, ०, १ आणि ६ महिने, आणि नंतर रक्तातली पातळी तपासून १० च्या वर आहे हे बघावं. लस घेतली म्हणजे झालं असं नाही, काहींना पातळी येतच नाही.

---

नंदनवन_मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. तिला मोठ्याने वाचून दाखवलं. घाबरली नाही, उलट तो सहा वर्षांच्या मुलाचा हिशोब तिने वहीत करून पाहिला.

आमचं आता नर्सिंगकडे वळून राहिलं. पण कॉलेज कसं पारखावं? आणि अमेरिकेला इतका वेळ लागत असेल तर दुसरा देश आहे का? आणखी एक, छोट्या हॉस्पिटलमध्ये मुलींना भूल द्यायला लावतात असं ऐकलं, ते खरं आहे का?

---

नर्सिंग_ट्यूटर_हिंगणा

ताई, आधी प्रवेश. बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी सेलची वेगळी परीक्षा आहे, नीटच्या भरवशावर राहू नका. खुल्या वर्गाला पीसीबी आणि इंग्रजीत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव वर्गाला ४०. तिचे ६८ म्हणजे पात्रतेची चिंता नाही, प्रश्न फक्त सरकारी जागा मिळण्याचा. पर्यायात मेडिकलचं (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं) शासकीय नर्सिंग कॉलेज सगळ्यात वर टाका. कारण एकच, पेशंट. मेडिकलच्या कॅज्युअल्टीत विदर्भच काय, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही गंभीर रुग्ण येतात. जे तिथे तीन महिन्यांत बघायला मिळतं ते कमी पेशंटच्या ठिकाणी तीन वर्षांत मिळत नाही.

खाजगी कॉलेज बघायला गेलात तर इमारत, बस, होस्टेल दाखवतील. तुम्ही हे विचारा: कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का, किमान १०० खाटांचं, की दुसऱ्याशी कागदावर करार आहे? एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट पडतात का? आयसीयू पोस्टिंग किती आठवडे, आणि व्हेंटिलेटरवरचे पेशंट तिथे खरोखर असतात का? चालू वर्षाच्या यादीत नाव आहे हे इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, दोन्हीच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, कॉलेजने दिलेल्या झेरॉक्सवर नको. आणि मूळ मार्कशीट जमा करून घेणारं, पासआउट झाल्यावर सक्तीचा बाँड लिहून घेणारं कॉलेज असेल तर उठून या. दुपारी दोनच्या सुमारास वॉर्डात एक फेरी मारा. खाटा रिकाम्या दिसल्या तर बाकी काही विचारायची गरज नाही.

देशांचं. जर्मनीकडे आज सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं माझं मत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या तिथल्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंग आहे. भाषा बी-२ पर्यंत लागते, नेटाने केलं तर वर्ष-सव्वा वर्ष. पदवीची मान्यता घेताना तिथे काही महिन्यांचं प्रशिक्षण किंवा एक परीक्षा द्यावी लागते. मग काही काळ काम करून ॲनेस्थेशिया आणि इंटेन्सिव्ह केअरचा दोन वर्षांचा विशेष कोर्स, तो नोकरीत राहून करता येतो. शिवाय तिथे एटीए म्हणून भुलीच्या सहायकाचं तीन वर्षांचं स्वतंत्र शिक्षण आहे, १ जानेवारी २०२२ पासून त्याला देशभर एकच कायदा आहे आणि शिकताना विद्यावेतन मिळतं. दोन्ही वाटांनी ती भुलीच्या डॉक्टरसोबत काम करेल, एकटी भूल देणार नाही. तेवढा फरक लक्षात असू द्या.

इंग्लंडमध्ये ॲनेस्थेशिया असोसिएट हे पद आहे, डिसेंबर २०२४ पासून जनरल मेडिकल कौन्सिलच्या नियमनाखाली आलं. पण त्या पदावरून तिथल्या डॉक्टरांमध्ये मोठा वाद चालू आहे. त्यावर आत्ता भिस्त ठेवू नका. आखातात ॲनेस्थेशिया टेक्निशियन आणि ओटी नर्स दोघांना जागा असतात, साधारण दोन वर्षांचा अनुभव आणि परवाना परीक्षा लागते.

---

धंतोली_ओटी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. हो, असं घडतं. भूलतज्ज्ञ एका दिवसात तीन-चार हॉस्पिटल करतात. एक केस संपत आली की "मी निघतो, तू बघ, टाके झाले की उठव" असं सांगून जातात. किंवा उलट, "मी पोचतोय, तोवर सिडेशन चालू कर." रुग्ण उठवणं हा भुलीतला सगळ्यात नाजूक टप्पा आहे. नळी काढल्यावर घशाचे स्नायू आवळले गेले की श्वास पूर्ण अडतो, आणि त्या मिनिटाला काय करायचं याचा निर्णय घ्यायचा परवाना तिच्याकडे नसतो. काही झालं तर डॉक्टरांचा तोंडी आदेश कागदावर कुठेच नसतो, आणि सिरिंज तिच्या हातात असते.

अशा वेळी भांडण नको, वाक्य ठरलेलं असावं: "सर, तुम्ही ओटीत असल्याशिवाय मी औषध देणार नाही. मी मॉनिटर बघते आणि ऑक्सिजन चालू ठेवते." भूलतज्ज्ञ आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ चार्टवर लिहायची सवय ठेवावी. नोकरी घेताना विचारावं की रुग्ण रिकव्हरीत जाईपर्यंत भूलतज्ज्ञ थांबतात का. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरं हॉस्पिटल बघावं, धंतोली-रामदासपेठेत त्याची कमी नाही.

---

बॉइल्स_मशीन

मुलीने हिशोब केला हे वाचून बरं वाटलं. तिला आणखी तीन द्या, कॅल्क्युलेटरशिवाय.

एक, प्रोपोफॉल १ टक्का म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. ५५ किलोच्या बाईला किलोला २ मिलिग्रॅमने किती मिली? दोन, मेफेन्टरमिन या दाब वाढवणाऱ्या औषधात एका मिलीत ३० मिलिग्रॅम. १ मिली घेऊन सलाइनने १० मिली केलं, आता एका मिलीत किती? तीन, ॲड्रेनॅलिन १ मिलीत १ मिलिग्रॅम. १० मिली केलं, त्यातलं १ मिली घेऊन परत १० मिली केलं. आता एका मिलीत किती मायक्रोग्रॅम?

उत्तरं ११ मिली, ३ मिलिग्रॅम आणि १० मायक्रोग्रॅम. तिसऱ्यात एक पायरी चुकली तर डोस दहापट होतो. दाब २५० च्या पार जातो.

---

एनक्लेक्स_डायरी

एक राहिलं, आणि ते पहिल्या वर्षापासून करायचं आहे. परदेशात कुठेही अर्ज केला तरी कॉलेजकडून विषयवार थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास मागतात: मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसोपचार असे वेगवेगळे. पाच-सात वर्षांनी कॉलेजात गेलं की जुने रजिस्टर सापडत नाहीत, प्राचार्य बदललेले असतात, आणि फाइल महिनोन्‌महिने अडते. दर वर्षाच्या शेवटी पोस्टिंगच्या तासांचा तक्ता सही-शिक्क्यासह घेऊन ठेवायला सांगा, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची त्या वर्षाची प्रतही. आणि पासपोर्ट, बारावीची मार्कशीट, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, तिन्हीवर नावाचं स्पेलिंग अक्षरन्‌अक्षर एकच हवं. वडिलांचं नाव एकात आणि आडनाव पुढे-मागे असेल तर ते आत्ताच, कॉलेजचा फॉर्म भरायच्या आधी सरळ करून घ्या.